सुजलेल्या डोळ्याचा कोल्हा

कौहावा, ४ नोव्हेंबर

चि. इर्या हिस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहितो. फोनवर मी भांडतो नि तू रडतेस, म्हणून पत्र.

काल शेजारचा ऑन्नी कॉफीला आला आणि त्याने फोनवर तुझ्या पोराच्या, मिस्काच्या बँडचा व्हिडिओ दाखवला. गळ्यात क्रॉस, केस कमरेपर्यंत, आणि गाणं म्हणजे दारात बोट चेमटल्याची बोंब. देवाचं गाणं आहे म्हणे. मला एक शब्द कळला असेल तर शप्पथ! चित्रं मात्र कळली. धुरात जाळीचे पिंजरे, आत कोल्हे, आणि शेवटी सुजलेल्या, पू आलेल्या डोळ्याचा एक कोल्हा.

इर्या, तो माझा आहे. मागच्या शेडमधला, खिडकीजवळचा. कातड्यांसाठी कोल्हे पाळण्याच्या धंद्यात जन्म गेला, मी माझं जनावर ओळखणार नाही? ऑगस्टमध्ये मिस्का ब्लूबेरी वेचायला आला होता नि बादली अर्धीच घेऊन परतला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मामाकडे पोटभर जेवायचं आणि मामाच्याच शेडमध्ये चोरून कॅमेरा न्यायचा! तूही यात आहेस का? खरं लिही. नाहीतर मी पोलिसांत जाईन. भाचा म्हणून गय करणार नाही.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

तुझा दादा,
टाउनो

ओउलू, ७ नोव्हेंबर

ती. टाउनोदादास,

प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि. मिस्काला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, आई, मी शेडकडे फिरकलोसुद्धा नाही, बादली अर्धी राहिली कारण बाकीच्या ब्लूबेरी पोटात गेल्या. मी आई असले तरी भोळी नाही. म्हणून चित्रण झालं तिथे स्वतः जाऊन आले.

ड्रमवाल्या पोराच्या वडिलांचं गॅरेज आहे ते. पिंजरे सशांचे, मागून आणलेले. एकाही कोल्हेवाल्याने यांना आत घेतलं नाही, म्हणून पोरांनी जुन्या कपड्यांतून कोल्हे शिवले. तुझा तो कोल्हा मी हातात घेतला. दादा, माझ्या लग्नात तू दिलेल्या कोटाची कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर आहे ती! कोट मी चर्चच्या दानपेटीत टाकला होता, मनाला लावून घेऊ नकोस. डोळा म्हणजे बटण, सूज मेणाची आणि पू म्हणजे मोहरीची चटणी.

आता संशय मला आहे, आणि तो मिस्कावर नाही. कोटाच्या कॉलरमध्ये तुला तुझा कोल्हा कसा दिसला? पोलीस आलेच, तर तुझीही शेड उघडतील. मला भीती वाटते रे.

रागावलास तरी लोभ तोडू नकोस.

तुझी,
इर्या

कौहावा, १२ नोव्हेंबर

चि. इर्या हिस,

आशीर्वाद. चांगला कोट होता तो. दानपेटीत टाकलास, हे मी विसरणार नाही.

मागच्या शेडमध्ये जाऊन आलो. खिडकीजवळच्याचा डोळा गेलाय. शेजारच्याचाही सुजलाय. उन्हाळ्यापासून रोज खाणं टाकताना बघत होतो. नुसतं बघतच होतो. आज लाज वाटली. पशुवैद्याला बोलावलं आहे. पोलिसांत जात नाही.

मिस्काला पाठव. दिवसा येऊ दे, पुढच्या दाराने. कॅमेरा आणायला सांग. दार मी उघडीन.

लोभ राहिला असेल तर असू दे.

टाउनो