बिननावाच्या बाळाची आत्या

भंडारा,
रविवार, ९ डिसेंबर १९७९

चि. सौ. मंदास,

पोटभर आशीर्वाद. मी खुशाल आहे, आणि या वेळी हे वाक्य रीतीपुरतं लिहिलेलं नाही. तू, इश्वर आणि बाळ कसे आहात? तिकडे आंधळगावात धान घरात आलं असेल. थंडी वाढली आहे, बाळाची छाती ओव्याच्या पुरचुंडीने शेकत जा.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. "ताई, पोरगं तीन महिन्याचं होऊन राहिलं, अजून बिननावाचं हाय. हे म्हणतात, नाव आत्याच ठेवंल, नाही तं राहू दे तसंच. तुम्ही कायले येत नाही ते तरी सांगा," असं तू लिहिलंस. तुझ्या जागी मी असते तर एवढ्या सौम्यपणे विचारलं नसतं. भाऊबीजेला इश्वर बाळाला घेऊन इथे आला, त्याने बाळ माझ्यापुढे केलं आणि मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. तो ताटातलं तसंच ठेवून, बाळाला टॉवेलात गुंडाळून निघून गेला. सख्ख्या आत्याने भाच्याला हातसुद्धा लावला नाही, हे त्याने कुणाला आणि कसं सांगायचं?

ते का झालं हे आज सांगणार आहे. पण एकदम सांगायला जमत नाही, म्हणून आधी तुला बाजारात नेते.

अकरा वर्षं मी भंडाऱ्यात मास्तरीण आहे आणि मला भंडारा माहीतच नव्हता ग. खोली, शाळा, पोस्ट, पुन्हा खोली. सहा वाजता दाराला कडी. दिवाळीनंतर मात्र खोलीत बसवेना. एका संध्याकाळी कुलूप घातलं आणि बडा बाजाराकडे चालत सुटले. दिवे लागल्यावर तो बाजार निराळाच असतो. पितळेच्या एका दुकानात मुलीचं लग्न ठरलेला बाप आंदणासाठी पाणी भरायचा गुंड घ्यायला आला होता आणि दुकानदार एकेक गुंड बोटाने वाजवून त्याला ऐकवत होता. बापही मान डोलवत होता, जसं काही त्याला त्यातलं सगळं कळतं. मी एक लोटी उचलली आणि डाव्या मनगटाला लावून उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "बाई, लोटी मनगटाले नाही, कानाले लावा!" सगळे हसले. मीही हसले आणि लोटी ठेवून दिली.

मग मला चटकच लागली. गांधी चौकापुढच्या एका बोळात हिरालाल अत्तरवाला बसतो. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, एक स्टूल आणि एक कंदील. दिवसभर बंद. मी कारण विचारलं तर म्हणतो, "उन्हात शिशी उघडली का वास उडून जाते बाई, मंग गिऱ्हाईकबी उडून जाते." त्याने माझ्या उजव्या मनगटाला खस लावलं. मी म्हटलं, डाव्यालाही लावा. त्याने कापसाचा बोळा फिरवला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं, बाई वासात रमली. मी बघत होते की बोळा नेमका कुठे टेकला ते कळतं का. आधी वास आला की आधी बोळा लागला, तेच समजेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. शेवटी शेजारीण म्हणाली, "मास्तरीणबाई, आजकाल तुमच्या खोलीतून लय वास येऊन राहिला." तिच्या मनात काय आलं असेल ते तू ओळखलंच असशील. या वयात माझ्याबद्दल असं कुणाच्या मनात यावं, याचं मला हसूच आलं.

कृष्णरावाचं दुकान तर तुला एकदा दाखवलंच पाहिजे. तो गॅसबत्त्या भाड्याने देतो. लग्न, दंडारीचा खेळ, भजन, कुठे काय आहे हे साऱ्या तालुक्यात त्याला आधी कळतं. संध्याकाळी सगळ्या बत्त्या ओळीने पेटवून पाहतो, आणि त्या उजेडात आसपासची माणसं फुकटात वर्तमानपत्र वाचून घेतात. "ही एक आज तुमच्या आंधळगावले चालली, दंडारीले," असं तो म्हणाला तेव्हा बत्तीबरोबर आपणही बैलगाडीत बसावं असं मला वाटलं. त्याऐवजी मी हात काचेजवळ नेला. तो ओरडला, "बाई, पोळन ना!" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पोळलं तर बरंच." पोळलंही. पण मला वाटलं, चट्ट्याच्या कडेला पोळलं, मध्ये नाही.

लिहून गेले बघ. चट्टा.

सप्टेंबरात आमच्या शाळेत कुष्ठरोगाच्या तपासणीचे लोक आले होते. त्यांनी भिंतीवर चित्रं लावली: पांढुरका डाग, खाजत नाही, दुखत नाही, हात लावलेला कळत नाही. मीच छडी घेऊन मुलांना एकेक चित्र समजावलं. "घाबरायचं नाही, लवकर दाखवलं की बरा होतो," असं ठणकावून सांगितलं. त्याच आठवड्यात माझ्या डाव्या मनगटावर चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा डाग दिसला, आणि दुसऱ्याला शहाणपण शिकवणारी ही बाई लांब बाह्यांची पोलकी शिवायला टाकून मोकळी झाली. खोलीत एकटी असले की सुई घेऊन बसायचे. टोचलं की दुखायचं, पण दुखावं असं आपल्याला वाटतं म्हणून दुखलं, असं मन म्हणायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! त्या सुईपासून पळायला म्हणून मी बाजारात जायचे, आणि तिथेही दुकानादुकानांत हाताची परीक्षाच घेत होते.

नोकरी जाईल, खोली जाईल, ही भीती होतीच. पण भाऊबीजेला बाळ समोर आलं तेव्हा डोक्यात एवढंच होतं, की हा हात त्याला लागता कामा नये. मंदा, त्याने माझ्याकडे बघून तोंड उघडलं होतं ग. मला फार घ्यावंसं वाटलं होतं.

आता सत्यभामाबाईचं ऐक. खांब तलावाच्या वाटेवर तिचं बांगड्यांचं दुकान आहे. पुढे पडदा. पडद्याआत पुरुषांना मज्जाव, त्यामुळे आत बायका सासवांच्या नकला करतात आणि खिदळतात. मागच्या शनिवारी, एक तारखेला, मी आत जाऊन बसले आणि उजवा हात पुढे केला. तिने बांगड्या भरल्या आणि म्हणाली, "आता दुसरा." मी म्हटलं, राहू द्या. "एका हाताले कोन बांगड्या भरते बाई? हात काहून चोरून राहिल्या?" असं म्हणत तिने माझा डावा हात ओढला आणि बाही वर सारली. तिने डागावर अंगठा दाबला, उजेडात धरला आणि सहज विचारलं, "कोनासाठी फोडले?"

"काय?"

"बिबे. हे तं बिबा उतल्याचं हाय. माह्या जाऊचा अख्खा हात असाच झालता. घरी कोन बाळंतीन होती?"

मी तिथेच रडायला लागले. ऑगस्टात तुझ्या लाडवांसाठी गोडंबी काढायला मी बिबे फोडले होते. तुला आई नाही, तेव्हा ते काम माझंच. बिब्याचं तेल मनगटावर उडालं, फोड आले, खोबरेल लावलं, खपली पडली आणि मी विसरून गेले. लाडू तू खाल्लेस, बिबा मला उतला!

तरी बांगडीवालीच्या एका शब्दावर बाळाला हात कसा लावायचा? पण त्या शब्दाने पायात बळ आलं. मंगळवारी तपासणीच्या दवाखान्यात गेले. रांगेत माझ्यापुढे एक बाई होती, तिला खरोखरच तो आजार होता. मीच सारखी बाही खाली ओढत होते म्हणून ती मला म्हणाली, "भेव नका बाई, गोळ्या खाऊन मी बरी होऊन राहिली." मला माझी लाज वाटली. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले, कापसाची वात ठिकठिकाणी टेकवली आणि बोट ठेवून दाखवायला सांगितलं. एकदाही चुकले नाही. "बिब्याचाच डाग आहे, हळूहळू जाईल," ते म्हणाले. "आणि तो आजार असता तरी औषध दिलं असतं. एवढे दिवस काय केलंत?" मी म्हटलं, "बाजार फिरले."

जीव भांड्यात पडला म्हणतात. माझा पितळेच्या गुंडात पडला, आवाज आंधळगावापर्यंत यायला हवा होता. त्याच संध्याकाळी आखूड बाह्यांचं पोलकं घालून पुन्हा बाजारात गेले. गरम मुंगवडे खाल्ले. शेजारणीला घेऊन सिनेमाचा सहाचा खेळ पाहिला. हाताकडे एकदाही बघितलं नाही.

येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी येते. पाळणा बांधून ठेव. आत्या नाव सांगायला वाकली की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. या वेळी कुणीही हात राखू नका.

आणि इश्वर, माझं अक्षर दिसलं की रागात असूनही पाकीट तूच आधी फोडणार, म्हणून हे तुला. "मले सांगाले काय झालतं?" असं विचारशील. सांगितलं असतं तर तू धावत आला असतास आणि माझा तोच हात धरून बसला असतास. लहानपणापासून तुला मी ओळखते. धपाट्यांचा मान पुरुषांना नाही, पण दोन तुझेही. मी वाकूनच राहीन.

नाव ठरवलं आहे. या कागदावर लिहीत नाही. बापाने वाचण्याआधी ते मुलाने ऐकायचं असतं.

तुम्हा दोघांची ताई आणि, तो मान अजून माझा असेल तर, त्याची आत्या,
निर्मला