अंगणाखालचा पाइप

ग्रॅहम,

आईबापांच्या मागच्या अंगणात दोन-तीन घरं बसवून बिल्डर होऊ पाहणाऱ्या तुम्हा नवशिक्यांची एकच तक्रार असते: आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही. तुला सांगितलं होतं.

ख्रिसमसच्या जेवणाला आई म्हणाली, "मागे बांधू नकोस रे. सगळ्या गल्लीचा मैल्याचा पाइप आपल्या अंगणाच्या मधोमध जातो. त्यावर परवानगी देत नाहीत."

तू हॅम चावत म्हणालास, "परवा चहात मीठ घातलंस, आज मला गटारं शिकवतेस?"

सगळे हसले. त्या पाइपचं झाकण बाबांबरोबर मीच उचललं होतं, तरी मीही हसले. फेब्रुवारीत तू आईला वृद्धाश्रमात ठेवलंस.

जागा परक्याची असती तर तू कागद वाचले असतेस, कौन्सिलच्या मंजुरीसाठी थांबला असतास. "इथेच वाढलो, वाचायचं काय?" म्हणालास. तुझ्या दोन-तीन घरांना जागा व्हावी म्हणून उद्या सकाळी सातला आईचं घर पाडायला मशीन येतंय. त्यानंतर त्या पाइपमुळे तिथे तुला फार तर एकच घर बांधता येईल, पाडलंस तेवढंच.

हे पत्र आज तुला दिलं, तर आईचं घर वाचेल. पण त्या उघड्या मातीत तुला उभा पाहायची माझी हौस मोठी आहे. म्हणून ते माझ्या पर्समध्येच राहील.

तरी लिहिते: मशीन सुरू करण्याआधी आईला फोन कर, आणि पाइप कुठून जातो ते विचार.

तुझी मोठी बहीण,
जॅनिस