सातव्या मजल्याचा पाळणा

ती. सौ. अक्कास, साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तो मनातल्या मनात घातलाय, गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? ते ज्या बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढतात, तिथल्या एसीचाच तो प्रताप असणार. त्याच बिल्डरने आमच्या वस्तीला खेटून, समोरच्या माळावर, सात-सात मजल्यांच्या इमारती दाटीवाटीने उभ्या करायचं काढलंय, हे तुला ठाऊक आहेच. पण काल जे घडलं त्याने माझी वाचाच बसली आहे, म्हणून लिहितोय.

विरोध समितीचा अध्यक्ष मी. (माझ्या शिलाईच्या दुकानात बसायला बाकडी आहेत, या एका गुणावर.) शाळेच्या गणवेशातून उरलेल्या कापडाचा फलक मी स्वतः शिवला. गवळ्याने तर शपथ घेतली की पहिली वीट पडली तर तो म्हशींसकट आडवा पडेल. माळावर इमारत आली की सकाळचं ऊन माझ्या मशिनवर पडायचं नाही, आणि दिव्याखाली काळ्या कापडावरचा काळा दोरा मला आता दिसत नाही, अक्का. हसण्यावारी नेऊ नकोस, पोटाचा प्रश्न आहे.

काल नगरपालिकेचे साहेब हरकती ऐकायला आणि जागा पाहायला येणार होते. सातव्या मजल्यावरून आमची परसं कशी उघडी पडतील, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं मीच ठरवलं. (अक्कल पाजळली!) उंच खांबांवरचे दिवे दुरुस्त करायची, सातव्या मजल्याइतकी वर जाणारी ती पाळण्याची गाडी वायरमनकडून मागून आणली. साहेबांना उशीर झाला, म्हणून म्हटलं, तोवर एकेकाने वर जाऊन आपापलं परस बघून यावं, म्हणजे तक्रार नीट मापात बसेल. इथेच माती खाल्ली.

गवळी गर्जत वर गेला आणि विस्कटलेले केस सावरत उतरला. म्हणाला, "वर वारा काय सुटलाय हो!" नर्सबाई जन्मापासून इथल्या, पण आपली नदी पुढे जाऊन वळते हे त्यांना काल कळलं. मग काय झुंबड उडाली म्हणतेस! साहेब आले, तर त्यांनाच लोक सांगतात, "साहेब, रांगेत या."

आणि तुझी भावजय! स्टुलावर चढताना मला हाका मारणारी ही बाई वर गेली ती उतरेचना. वायरमन ओरडतोय, मी ओरडतोय, ही आपली कठड्याला धरून उभी. उतरली तेव्हा डोळे भरलेले. "अहो," म्हणाली, "आपल्या पोरीच्या गावची पाण्याची टाकी दिसते." पोर सासरी गेल्यापासून ही रोज विचारते, ते गाव नक्की कोणत्या दिशेला. साहेबांनी विचारलं, हरकत कुणाची आहे? सगळी वस्ती आपापल्या चपला न्याहाळत उभी. हात वर माझ्या एकट्याचा!

तुझा हबकलेला धाकटा भाऊ

ता. क. समिती मोडलेली नाही. मी आहे अजून.

ता. क. दाजींना हळूच विचार, सातव्या मजल्यावर, टाकीच्या बाजूची एखादी जागा निघेल का? खिडकी पूर्वेची हवी, खाली मशिन बसेल अशी. अध्यक्षाचं नाव कुठे येता कामा नये.

ता. क. पण आजच विचार. गवळ्याने सकाळीच दाजींचा पत्ता नेलाय, तोही माझ्याकडूनच.