कपाट दारातून जात नाही

दादा,

उद्या ट्रक येतोय. एकोणतीस खोकी भरली, प्रत्येकावर आकडा आणि आतली यादी. राहिलंय फक्त मी या खोलीतच बनवलेलं कपाट. पुस्तकं वाचून शिकलेला माणूस मी, पण जोडात कुठे केसाएवढी फट नाही.

तू पडलास पेशाने सुतार. तेव्हा म्हणाला होतास, "दाराचं माप घेतलंस का रे, शहाण्या?" त्यावरून मी तीन वर्षं तुझ्याशी बोललो नाही.

माप आज घेतलं. कपाट दारापेक्षा चार बोटं रुंद आहे.

ही म्हणाली, "भाऊजींना मीच बोलावते, करवतीसकट."

पत्र टाकायचा धीर नाही. कपाटाच्या खणात ठेवतोय. कापताना सापडलंच तर वाच, पण मोठ्यानं नको.

तुझा शहाणा