ढेप्या कशानं गेला

१२ नोव्हेंबर २००६, वरूड
ढेप्यानं आजही भाकरीले तोंड लावलं नाई. आमच्या लाकडी खोक्याच्या कारखान्यात तणसावर पडून हाय, हिरड्या पांढऱ्याफटक. इथले डॉक्टर म्हणे ताप. अमरावतीचे म्हणे गोचीडताप असन, नसन बी. सुया टोचून टोचून कुत्र्याची चाळणी केली, पण नेमकं कोणी सांगून नाई राहिलं. रफिकभाई म्हणे, "भाऊ, अकोल्याले नेऊ. तिथं जनावराचा मोठा दवाखाना हाय." संत्र्याच्या खोक्याचा सीझन तोंडावर. त्यात औंदा निम्म्या बागा वाळल्या, मागणी कमी. तरी मी लगेच हो म्हटलं. आम्ही पार्टनर, अन् कुत्रा बी पार्टनरशिपमधलाच.

१४ नोव्हें., अकोला
भाड्याच्या जीपनं आलो. रफिकभाईनं ढेप्याचं डोकं मांडीवर घेतलं! इतकी वर्षं हा माणूस त्याची लाळ लागू नये म्हणून भाकर लांबून फेके. नमाजाचे कपडे खुंटीवर वेगळे. मी म्हणो, "नवरी हाय का ते, दुरूनच पाहता?" आज कुडता पार भिजला, पण पठ्ठ्या हलला नाई.
डॉक्टर तरुण पोरगी, भली वाटली. रक्त घेतलं. विचारलं, "काही वेगळं खाल्लं होतं का यानं?" आम्ही एकमेकाकडं पाहिलं.

१५ नोव्हें., वरूड
गेला.
परत येताना, मोर्शीच्या अलीकडं. रफिकभाई एवढंच बोलले, "गाडी थांबवा." कारखान्यामागं पुरला. खड्डा मी खोदला, माती दोघांनी लोटली. मी रडलो. रडलो तं रडलो, कोणाच्या बापाचं काय जाते.

१७ नोव्हें., शुक्रवार
कामात लक्ष नाई. सरकीच्या ढेपीच्या पोत्यावर सापडला होता, मुठीएवढा, म्हणून ढेप्या. तवा काय दिवस होते! बहार आला की ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत. सारं वरूड संत्र्याच्या वासानं भरून जाये. दिल्लीचे ड्रायव्हर उतरले की आधी ढेप्याले हाक मारत, मंग आम्हाले. अन् रफिकभाई नमाजाले बसले की हा हरामखोर त्यांची चप्पल पळवून तिच्यावर बसे. ते शिव्या देत देत हसत. कितीदा तं बिनचपलेचे घरी गेले.
आज जुम्म्याच्या नमाजाले गेले ते वापस आलेच नाईत.

१९ नोव्हें.
काल नाई, आज बी नाई. निरोप बी नाई. ऐन सीझनात!
मले आधीपासून वाटून राहिलं होतं का रफिकभाईनं टाकलेलं हाडूक आतडीत रुतलं असन. घरी बोललो. बायको फणकारली, "अन् तुमी लग्नातून जिलबी आणून चारली, ते? पोट तेवापासूनच बिघडलं त्याचं." जेवणच गेलं माझं.
चहाच्या टपरीवर वेगळंच कळलं. रफिकभाई अकोल्याले चालले म्हणे कायमचे. जावयाचं फर्निचरचं दुकान हाय तिथं. वा रे वा! टपरीवाल्याले माहीत अन् मले नाई. टाळकंच सरकलं.

२१ नोव्हें.
अकोल्याच्या डॉक्टर पोरीचा फोन आला. रक्तात काई निघालं नाई. म्हटलं, हाडूक? जिलबी? म्हणे, "काका, कशानंही असू शकतं. आता नाही सांगता येणार."
तसाच रफिकभाईच्या घरी गेलो. भांडायचं ठरवूनच. भाभीनं चहा ठेवला. फोनचं सांगितलं तं रफिकभाई खाली मान घालून म्हणे, "भाऊ, हाडूक मीच टाकलं होतं. तुमच्यासमोर याले तोंड नोतं."
"अन् जिलबी मी चारली, त्याचं काय?"
"जिलबीनं कुत्रा मरते काय, भाऊ?"
"मंग हाडकानं मरते काय? जलमभर तेच खाल्लं त्यानं."
थोडं हसलो. कशानं गेला ते आता कधीच नाई कळणार, हे लय खुपते. कोणाले शिव्या बी देता येत नाई.
अकोल्याचं विचारलंच मी. लपवलं नाई त्यांनी. "जावई सालभरापासून बोलावून राहिला. इथं काय राह्यलं, भाऊ? बागा वाळल्या. ज्या हायत, तिथं प्लास्टिकचे क्यारेट आले. पण ढेप्याले टाकून पाय निघत नोता." मी म्हटलं, अन् मले टाकून निघते? म्हटलं म्हणजे मनात. तोंडातून निघालंच नाई.

२४ नोव्हें., शुक्रवार
शेंदूरजन्याच्या व्यापाऱ्याची ऑर्डर आली. लहानच हाय, पण आली. सकाळपासून एकटाच लागलो. खोक्याले दोन माणसं लागतात, एकानं फळ्या धराव्या, एकानं खिळे ठोकावे. गुडघ्यात दाबून पाहिलं. सारे वाकडे झाले, अंगठा ठेचला ते वेगळंच.
जुम्म्याची नमाज झाल्यावर रफिकभाई दारात. धुतलेला कुडता, खांद्याले पिशवी. "निघतो म्हटलं, भाऊ. दुपारच्या बसनं."
मनात लय होतं, का नका जाऊ, मी काय करू एकटा. पण बोललो काय, तं, "जा ना. पण आधी हे खोकं धरा."
पिशवी खुंटीले अडकवली. खाली बसले. धरलं. ते झालं तं दुसरी फळी त्यांनी स्वतःच ओढली. मी ठोकत राहिलो. नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. मी मान वर केली नाई. त्यांनी केली का ते पाहिलं नाई.
दुपारची गेली. सांजची हाय अजून.