दिवाळीत पुसलेल्या आवृत्त्या

सालेकसा, २५ ऑक्टोबर २०१४

ती. धनेंद्रदादास,
उर्वशीचा शि. सा. न. वि. वि.

घात झाला रे दादा. माझ्या संगणक वर्गातले चारही पडदे काळे पडलेत. फोनवर तुझ्या आज्ञांची अक्षरं चुकतात, म्हणून लिहिते.

तू बसवायला लावलेली लिनक्स मला आवडली होती. काय काय हवं ते एका फाइलीत लिहायचं, यंत्र आपोआप तसं तयार होतं. बिघडलंच तर सुरू करताना मागची आवृत्ती निवडायची. अक्षरं ठळक दिसावीत म्हणून मी नेटवरून पडद्याच्या मांडणीची एक ओळ उतरवून चारही यंत्रांच्या फाइलीत घातली. घरात दिवाळीची आवराआवर चालली होती, त्या भरात जुन्या आवृत्त्याही पुसून टाकल्या. अडगळीच्या घरात लक्ष्मी येत नाही ना! मग यंत्रं बंद करून सुरू केली, तर सगळा अंधार.

तीन तारखेला, सोमवारी, इथे मुलींची परीक्षा आहे. ती हुकली तर मामाजी वर्गाची ही खोली त्यांच्या धाकट्या मुलाला, मुन्नालाल भाऊजींना, खताच्या दुकानासाठी देणार. सुनेनं घरी बसावं, हे त्यांचं जुनंच म्हणणं. मला फार भीती वाटते.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी उर्वशी

नागपूर, २८ ऑक्टोबर

चि. उर्वशीस, अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, परतीची वाटच झाडून टाकलीस! पायाला प्लास्टर आहे, नाहीतर येऊन कान धरला असता.

ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवलीस, त्यावरूनच यंत्र सुरू कर. तुझी फाइल डिस्कवर शाबूत आहे. ती ओळ काढ आणि त्याच फाइलीवरून परत बसव. आज्ञा मागच्या पानावर लिहिल्या आहेत. डिस्क मात्र फॉरमॅट करू नकोस, मुलींचं सगळं काम जाईल. आधी एकच यंत्र कर. नाहीच जमलं तर मी मामाजींना फोन करून दोष माझ्यावर घेईन.

वहिनी तुझी काळजी करते. आमचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.
धनेंद्र

सालेकसा, ४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी हाती आलं. वीज दोनदा गेली, रेंजसाठी नेटचा डोंगल खिडकीला बांधला, मध्येच रडलेसुद्धा. पहिला पडदा उजळला तेव्हा मात्र एकटीच हसत बसले. उरलेली तिन्ही यंत्रं रविवारी झाली.

परीक्षा नीट पार पडली. जाताना परीक्षकांनी ही व्यवस्था कोणी बसवली ते विचारलं. मामाजींनी सांगितलं की आमच्या मुन्नालालनं. दादा, मी पदर सावरला आणि सगळ्यांसमोर म्हटलं की मी बसवली, बिघडवली मीच आणि नीटही मीच केली. आजवर मामाजींपुढे मी मोठ्यानं बोलले नव्हते.

संध्याकाळी भाऊजींनी आधीच मागवलेली खताची पोती दारात उतरू लागली, तेव्हा मामाजींनी भाऊजींना विचारलं की उर्वशीच्या खोलीत हे कायले आणून राहिला.

पाय सांभाळ. आहे तसाच लोभ राहू दे.
तुझी उर्वशी