हिरो चष्म्याच्या दुकानात काम करतो

११ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कारण, माझ्यावर सिनेमा निघायचं ठरलं. म्हणजे अगदी "ठरलं" असं कोणी म्हणालं नाही, पण बोलण्यावरून कळतं.
आमच्या चाळीत समोरच्या खोलीतला प्रितम आता डायरेक्टर झालाय. पहिलाच पिक्चर, भुताचा. दुपारी दादरला आमच्या दुकानात आला. म्हणाला, जगदीशकाका, तुमच्या कामाबद्दल सगळं सांगा. मी विचारलं, भुताच्या पिक्चरात चष्म्याच्या दुकानाचं काय काम? तर म्हणाला, तेच तर! आपल्या पिक्चरात भूत आलं की सगळे घरीच सापडतात, कोणाला कामावर जायचं नसतं. माझी माणसं डबा घेऊन जाणार, त्यांना लेट मार्क लागणार, आणि त्यातून उरलेल्या वेळात भुताशी लढणार.
पोरगा हुशार. मी पाहिलेल्या प्रत्येक भुताच्या पिक्चरात हिरो आर्किटेक्ट, नाहीतर पत्रकार. भिंतीतून रक्त टपकतंय आणि हा आठवडाभर बंगल्यावर. याला रजा देतो कोण? चष्मेवाला हिरो आजवर झालेला नाही. मी पहिला.
कालिंदीला सांगितलं. ती रात्रपाळी करून आडवी झाली होती. "हं" म्हणाली. आनंद झाला असावा.

१६ जानेवारी
प्रितम पुन्हा दुकानात. त्याला काउंटरमागचं आयुष्य समजावलं. गिऱ्हाईकाला आधी आरशात बघू द्यायचं, मग फ्रेमवर बोटाने टकटक करून म्हणायचं, "काय आहे माहितीये का, हा चेहराच वेगळा आहे." कुठल्याही चेहऱ्याला चालतं. प्रितम हसून हसून लिहून घेत होता. तेवढ्यात मालक मेहेंदळे म्हणाले, घाडी, गिऱ्हाईक कधीचं उभं आहे.
मेहेंदळेंना मोठं चित्र दिसत नाही.

२९ जानेवारी
प्रितम आज घरी येऊन गेला म्हणे. मी कामावर. मग काय, कालिंदीशीच बोलत बसला, दुपारभर. बिचारा. माझी वाट बघता बघता त्याला तिच्या एक्स-रे मशीनची सगळी माहिती ऐकावी लागली. कालिंदी परळच्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. त्यात सांगण्यासारखं काय असणार? "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा."
झोप मोडली तरी संध्याकाळी ती गुणगुणत होती. नवऱ्यावर पिक्चर निघणार म्हटल्यावर कोण नाही गुणगुणणार!
आई मात्र म्हणाली, "तू चष्मे विकतंस. तुझ्यार कसलो पिक्चर काढतलो तो?" आईला कलेची जाण नाही.

७ फेब्रुवारी
प्रितम कालिंदीबरोबर हॉस्पिटल बघून आला. लोकेशन. हिरो जखमी झाल्यावर नेतात ते हॉस्पिटल असणार. मी प्रितमला जिन्यात गाठून सांगितलं, जखम खांद्याला दाखव, चेहऱ्याला नको. "बघू काका," म्हणाला.
उद्यापासून करी रोड ते दादर चालत. वडापाव बंद.

८ फेब्रुवारी
टॅक्सी मिळाली. मेहेंदळेंच्या वाढदिवसाचे वडे होते, पण ते वडापावात धरत नाहीत. पाव वेगळा खाल्ला.

२२ मार्च
माझी भूमिका करणारा नट दुकानात येऊन बसणार, असा प्रितमचा फोन. केस काळे केले. नटाने खऱ्या माणसाकडे बघून खचू नये, पण थोडं दडपण यावं.
संध्याकाळी एक गृहस्थ आले. ढेरी, टक्कल, बोलताना ओठांच्या कडेला थुंकी जमते. नाव दीपक. मी म्हटलं, हिरो कधी येणार? ते म्हणाले, मीच दीपक. दुकान बंद होईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत होते. मी फ्रेमवर टकटक केली की त्यांनी केली. मी खाकरलो की ते खाकरले. उगीचच पोट खाजवत होते. ते मात्र त्यांनी कुठून घेतलं कळत नाही.
प्रितमला विचारलं, हा माणूस भुताच्या मागे पळणार कसा? म्हणाला, त्यांना पळायचं नाहीये काका. म्हणजे पळण्याचे सीन डुप्लिकेट करणार. प्रोफेशनल युनिट दिसतंय.

३ मे
शूटिंग चालू. मला बोलावलं नाही. प्रितम म्हणाला, काका, तुम्ही समोर असलात तर दीपकसाहेबांना दडपण येईल. हेच होणार होतं.
कालिंदी मात्र रजा काढून रोज सेटवर. हिरॉईनला मशीन कसं चालवायचं ते शिकवते. हिरॉईन एक्स-रे टेक्निशियन आहे. आता सगळं जुळलं. हिरो जखमी होतो, हिरॉईन एक्स-रे काढते, तिला त्याच्या हृदयात काहीतरी दिसतं. प्रेम. कालिंदीने सांगायचा प्रयत्न केला की अहो, स्टोरी तशी नाही. मी म्हटलं, कालिंदी, तू मशीनपुरतं बघ, स्टोरीचं आम्ही बघतो.
"बरं," म्हणाली. मग डबा भरायला गेली.

१९ ऑगस्ट
ट्रेलर आला. अंधार, हॉस्पिटलचा पॅसेज, हिरॉईन, माणसांच्या छातीत काहीतरी वळवळतंय, पुन्हा हिरॉईन, जिना, हिरॉईन. शेवटी अर्धा क्षण चष्म्याचं दुकान. चाळीतले लोक म्हणाले, तुमचा माणूस दिसलाच नाही. मी समजावलं की हिरोला ट्रेलरमध्ये लपवतात. सगळंच दाखवलं तर थेटरात कोण येणार?
आई म्हणाली, "त्या पोरीचो हात कालिंदीसारखो वाटता. असोच केस मागे करता ती." आईचा नंबर वाढलाय. तपासायला हवा.

१२ सप्टेंबर
मोठा निर्णय. राजीनामा दिला.
मेहेंदळे म्हणाले, घाडी, पिक्चर लागू तर दे. मी सांगितलं, साहेब, काय आहे माहितीये का, लागल्यावर दुकानाबाहेर गर्दी होणार, तुमचा धंदा बसणार, मला ते पाप नको. पुढे मुलाखती वगैरे असतील. शिवाय कामाच्या माणसांवरचे पिक्चर आता लागोपाठ निघतील, त्यांना सल्लागार लागेल. मेहेंदळेंनी हात मिळवला आणि बराच वेळ सोडला नाही. भरून आलं असावं त्यांना.
कालिंदीला संध्याकाळी सांगितलं. ती ड्युटीला निघाली होती. चप्पल घालता घालता थांबली. म्हणाली, "मला विचारायचं तरी." मी म्हटलं, सरप्राइज. तिने दुसरी चप्पल घातली आणि गेली.

१ ऑक्टोबर
चाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलं, "आपल्या तिसऱ्या मजल्याचे नायक श्री. जगदीश घाडी यांच्या जीवनावरील चित्रपट. सर्वांनी यावे." शेजारच्या शेवंताबाईंनी विचारलं, भाऊ, भुताचा ना? तुमच्या जीवनात भूत कुठलं? मी हसलो. सस्पेन्स.
ब्लेझर शिवून आला. बटण लागत नाही, पण ब्लेझर उघडाच चांगला दिसतो.

१० ऑक्टोबर
काहीही लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो. कुठेतरी नोंद राहिली पाहिजे.
पहिला शो. आख्खी चाळ आली होती. मी मधल्या खुर्चीत, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कालिंदी.
नाव पडायच्या आधीच एक बाई एक्स-रे काढते. पेशंटला म्हणते, "श्वास घ्या. रोखून धरा." आणि स्क्रीनवर त्याच्या छातीत काहीतरी डोळा उघडतं. थेटर किंचाळलं. ही सुमन. हीच हिरो. डॉक्टर तिचं ऐकत नाहीत, पोलीस ऐकत नाहीत. ती ड्युटी संपली की गल्ल्यागल्ल्यांतून एकेकाला शोधून काढते आणि "सोडा" म्हणते. तो श्वास सोडतो, आतलं बाहेर पडतं, मग झटापट. प्रत्येक "सोडा"ला शिट्ट्या.
मी वाट बघत होतो. मग दीपक आला. बनियनवर. सुमनचा नवरा, विलास, चष्म्याच्या दुकानात कामाला. तोंड उघडायच्या आधी लोक हसले.
शहर वाचवून सुमन सकाळी घरी येते, बाही रक्ताने भिजलेली. विलास पेपरातून डोकं न काढता म्हणतो, "हे काय, तुमच्याकडे आज होळी होती का? चहा टाक." थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आमची चाळ सगळ्यात मोठ्याने. आई डोळे पुसत होती.
हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी परळला बिल्डिंग पडली तेव्हा कालिंदी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तेव्हा मी हेच म्हणालो होतो. त्या वेळी घरात आम्ही दोघंच होतो. मग ते प्रितमला कोणी सांगितलं?
टकटक घेतली. खाकरणं घेतलं. एका सीनमध्ये ते आतलं विलासच्याच मागे उभं असतं आणि तो आरशात बघून स्वतःला म्हणतो, "काय आहे माहितीये का, हा चेहराच वेगळा आहे." सुमन त्याच्या मागे त्या राक्षसाचा गळा दाबते. विलासला पत्ता नाही. शेवटपर्यंत नाही.
मी कालिंदीकडे बघितलं. ती हसत नव्हती. समोर बघत होती, मांडीवरची पर्स घट्ट धरून. शेवटी सुमन एकटीच एक्स-रेच्या खोलीत बसते आणि स्वतः श्वास रोखून धरते, तेव्हा कालिंदीच्या गालावर पाणी होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रितमने माइक घेतला आणि "ही गोष्ट ज्यांची आहे त्या" म्हणून तिला स्टेजवर बोलावलं.
मी ब्लेझर घालून अर्धा उठलो होतो. पुन्हा बसलो.

११ ऑक्टोबर
फळा कोणीतरी पुसलाय. पूर्ण नाही. "तिसऱ्या मजल्याचे" तेवढं ठेवलंय आणि पुढे कालिंदीचं नाव.
प्रितमला गॅलरीत धरलं. म्हटलं, माझ्या मांडीवर वाढलास तू. म्हणाला, काका, मी तुम्हाला हिरो म्हणून कधी म्हणालो? आठवलं. म्हणाला नव्हता. पण नाही असंही म्हणाला नव्हता! म्हटलं, मी किती दिवस सांगत फिरतोय, तू ऐकत होतास ना? मान खाली घालून म्हणाला, "ऐकत होतो, काका. तेच कामाचं होतं."
याला म्हणतात विश्वासघात.
कालिंदीशी बोलणं बंद. तिच्या लक्षात येईपर्यंत.

१५ ऑक्टोबर
अजून आलेलं नाही. ती कामात. मुलाखती चालू आहेत, वर हॉस्पिटल आहेच. आईशी बोलते, प्रितमशी बोलते, पेपरवाल्यांशी बोलते. मी जोरात पातेली ठेवतो.

१८ ऑक्टोबर
मेहेंदळेंचा फोन. परत या. मी म्हटलं, विचार करून सांगतो, आणि लगेच गेलो. वाटेत कळलं नाही की हा माणूस एवढा मोकळ्या मनाचा कधी झाला. दुकानाच्या काचेवर पाटी, "चित्रपटातले विलासभाऊ आमच्याकडे." दिवसभर लोक येत होते. चष्मा नको असलेले पण. सगळ्यांना टकटक हवी. एका बाईने फोन समोर धरला आणि म्हणाली, भाऊ, ते होळीचं म्हणा ना. मेहेंदळे गल्ल्यावरून मान डोलवत होते.
म्हटलं मी. काय करणार? मला दुसरं काही येत नाही, आणि हे आता माझंही राहिलं नाही.

२१ ऑक्टोबर, सकाळी
सुट्टी. कालिंदी नाइट करून आली. चहा केला मी. म्हणजे मला हवाच होता, तिच्यासाठी पाणी वाढवलं.
शेवटी विचारलं. बोलणं बंद असताना विचारलेलं धरत नाहीत. म्हटलं, तू मला आधी का नाही सांगितलंस?
"सांगितलं. मे महिन्यात सांगितलं, ट्रेलरच्या दिवशी सांगितलं. ब्लेझर शिवायला टाकलात तेव्हा शिंप्यासमोर सांगितलं. तुम्ही त्याला म्हणालात, खांदे जरा भरा."
मी म्हटलं, आणि ते होळीचं? ते घरातलं होतं.
तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "त्या दिवशी मी अठ्ठावीस जणांचे एक्स-रे काढले होते. त्यातली काही मुलं. घरी येऊन मला कोणालातरी सांगायचं होतं. तुम्ही चहा मागितलात. मग वर्षभराने प्रितमने विचारलं, काकी, त्या दिवशी काय झालं होतं? मी सांगितलं, सगळं. तुमचं वाक्य त्यातच होतं, अहो. वेगळं काढता नाही आलं."
मी माझा कप उचलला. रिकामा होता.
मग ती म्हणाली, "पहिल्या कथेत विलास मध्यंतराच्या आधीच मरत होता. प्रितमला तिथे मोठा सीन हवा होता. मी नको म्हटलं."
मी विचारलं, का?
तिने बराच विचार केला. इतका विचार माझ्याबद्दल तिने पहिल्यांदाच केला असावा, किंवा मी पहिल्यांदाच बघितला. म्हणाली, "असू दे म्हटलं. ती घरी येते तेव्हा कोणीतरी असलेलं बरं. नुसतं असलं तरी." आणि आडवी होऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुपारी
गॅलरीत खुर्ची टाकून बसलोय. नळावर भांडणाऱ्यांना सांगितलं, हळू, आत माणूस झोपलंय. शेवंताबाईंचा रेडिओ बंद करायला लावला. भंगारवाल्याला खालूनच परत पाठवला. प्रितमला भेटायला आलेल्या चौघांना तिसऱ्या मजल्यावरून ओरडून बजावलं, की ही रात्रपाळीची बाई आहे, पावलं न वाजवता वर या.
तेवढ्यात आतून कालिंदी म्हणाली, "अहो, सगळ्यात मोठा आवाज तुमचाच येतोय."